१ जानेवारी, २१ दिवस आणि बाकीच्या थापा

डिसेंबर सरत आला की ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. त्याचा मथितार्थ असा: १ जानेवारीला सुरुवात केली नाही तर वर्ष गेलं, काहीही सलग २१ दिवस करा, सवय लागतेच, एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, पहाटे पाचला उठा, आणि संकल्प सगळ्यांना सांगा. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

आधी २१ दिवस. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे सांगोवांगी त्यातला ‘किमान’ गळाला आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, वाचन, काय वाट्टेल ते आलं. सवय लागण्याचं प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलं. ते २०१० मध्ये छापून आलं. ९६ जणांनी ८४ दिवस नोंदी ठेवल्या. ज्या ३९ जणांच्या नोंदी सवय हळूहळू पक्की होण्याच्या गणिती आलेखाशी नीट जुळल्या, त्यांचा मध्यक ६६ दिवस निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी लागले, निम्म्यांना जास्त. पल्ला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत, आणि त्यातलं वरचं टोक अर्थातच गणिताने पुढे वाढवलेला अंदाज. जेवताना पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला.

हे आपल्या कॅलेंडरवर मांडून बघा. १ जानेवारीला सुरू केलं तर ६६वा दिवस ७ मार्चला येतो आणि २५४वा ११ सप्टेंबरला. मेसेजमधले २१ दिवस सगळेच्या सगळे जानेवारीच्या गारव्यात संपतात. ठाण्यात उपवन तळ्याच्या काठाने किंवा नवी मुंबईत पाम बीच रोडला तेव्हा कुणालाही चालावंसं वाटतं. खरी परीक्षा जूनमध्ये. म्हणून ‘तळ्याला फेरी’ ठरवतानाच पावसाळ्याची सोय ठरवून ठेवावी: तेवढीच मिनिटं सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा पोडियमखाली. वेळ तीच, बूट तेच, फक्त जागा बदलायची.

‘एक दिवस चुकला की पुन्हा शून्य’ हा सगळ्यात घातक भाग. लॅलींच्याच नोंदींत एखादा दिवस हुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. नुकसान करतं ते शून्यावर जाणं. २० पैकी १८ दिवस चाललेला माणूस स्वतःला नापास ठरवतो आणि सोडून देतो. त्याऐवजी ३० दिवसांत किती वेळा झालं ते मोजावं. २४ झाले तर उत्तम चाललं आहे. लागोपाठ दोन दिवस चुकले तर मात्र कारण बघावं. बहुतेकदा प्रमाण जास्त ठेवलेलं असतं, ४५ मिनिटांचं १० करावं. सिगारेट-तंबाखूची गोष्ट वेगळी. ‘एक ओढली तर चालतं’ असा अर्थ इथून काढू नये. सोडायला मदत हवी तर १८००-११२-३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. आणि रोज भरपूर दारू पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये, ते जिवावर बेतू शकतं.

१ जानेवारीच्या दाव्यात थोडं तथ्य आहे, तेही मान्य करू. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवलं की नव्या वर्षाच्याच नव्हे, नव्या महिन्याच्या आणि नव्या आठवड्याच्या सुरुवातीलाही लोक जिमकडे जास्त वळतात. म्हणजे वर्षाला ५२ सोमवार आहेतच. वर आपले साडेतीन मुहूर्त! पाडव्याला स्वागतयात्रेहून परतल्यावर सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. पण तारीख फक्त पहिला धक्का देते. पुढे ओढून नेणारी गोष्ट म्हणजे ठरलेली खूण, आणि ती रोज घडणारी हवी. ‘रोज व्यायाम करीन’ यात खूणच नाही. ‘संध्याकाळी सातला’ हीसुद्धा कच्ची, कारण ट्रान्स-हार्बरची गाडी रखडली की सात वाजता तुम्ही ऐरोलीतच. ‘घरी येऊन ऑफिसची बॅग ठेवली की बूट न काढता खाली उतरून १० मिनिटं चालणार’ ही पक्की: गाडी कितीही उशिरा येवो, बॅग ठेवली जातेच. अशा ‘अमुक झालं की तमुक’ आखणीवर पीटर गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. नुसत्या इच्छेपेक्षा ती ठळकपणे सरस ठरली.

पहाटे पाचचं काय? प्रौढाला किमान सात तास झोप लागते, म्हणजे दहाला डोळा लागला पाहिजे. सीएसएमटीहून साडेनऊला ठाण्यात उतरून पुढे घोडबंदर रोडची बस धरणाऱ्याला ते जमणार कसं? त्याने पाचचा अलार्म लावला तर झोप कापली जाणार, दुसरं काही नाही.

संकल्प सगळ्यांना सांगण्याचाही भरवसा नाही. काही प्रयोगांत जाहीर करणाऱ्यांनी उलट कमी मेहनत केली. ग्रुपवर टाकण्याऐवजी घरातल्या एकाला सांगा, आणि दर रविवारी त्याने एवढंच विचारावं: या आठवड्यात किती वेळा झालं?