पुराने नाही, पस्तीवाल्याने नेलं

दादाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "विश्वामित्रीपुढे कोणाचं चाललंय? गेली ती गेली, राहिलेली पुस्तकं स्कॅन करा आणि हॉल भाड्याने द्या." विषय बडोद्यातल्या आमच्या एका जुन्या मराठी वाचनालयाचा. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीच्या पुरात तळमजल्यावरचे खालचे खण भिजले, कमिटीने चार दिवस वाट बघितली आणि सगळं पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, घातलं. आता उरलेल्याचं काय यावर वाद, आणि अर्धा ग्रुप अंगठे दाखवून मोकळा. मी इथे जर्मनीत, कोलोनला, फांडच्या (परत केल्या की पैसे मिळतात त्या) बाटल्या टाकायला रांगेत उभा होतो, तिथेच टाइप करायला लागलो, मागची बाई दोनदा खाकरली.

नैसर्गिक आपत्ती म्हटलं की सगळे सुटतात. नदी 35 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 25 ची, मगरी छपरावर चढल्या, मान्य. पण 2019 ला पण पाणी आलं होतंच ना? तरी पुस्तकं त्याच खालच्या खणात.

आणि भिजलं म्हणजे संपलं असं नसतं हो. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, गुळगुळीत कागद असेल तर पानं चिकटून वीट होते, म्हणून जे करायचं ते पहिल्या 48 तासांत. चिखल धुवायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं आणि सरळ गोठवायचं. बुरशी तिथेच थांबते, मग सवडीने व्हॅक्यूममध्ये सुकवतात, बर्फाची थेट वाफ होते, कागद परत ओला होत नाही. दादा म्हणतो, "हे सगळं तुमच्या जर्मनीत." अरे, अमूलचं आणंद तासाभरावर आहे! गुजरातेत आइस्क्रीमच्या कोल्ड रूमना तोटा आहे का? कोणी एक फोन तरी करून बघितला? इटलीत फ्लोरेन्सला 1966 ला आर्नो नदीचं पाणी राष्ट्रीय ग्रंथालयात शिरलं तेव्हा त्या लोकांनी पुस्तकं तंबाखू सुकवायच्या भट्ट्यांमध्ये नेली. हाताशी होतं ते वापरलं.

इथे जुलै 2021 मध्ये स्टोलबर्ग गावच्या अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या दप्तरखान्यात, पाणी शिरलं, तर आमच्या कोलोनहून एक कंटेनर गेला, त्यात कागद धुवायचं, गुंडाळायचं सगळं सामान आधीपासून भरलेलं. केफाउबे, म्हणजे इथली ट्राम-बस, वेळेवर येत नाही, पण हा कंटेनर पोचतो.

त्यावर दादाचा लगेच मेसेज, "तुमचं कोलोनचं अर्काइव्ह तर पाऊस नसताना कोसळलं." खरंय, 3 मार्च 2009, मेट्रोच्या कामापायी, दोन माणसं पण गेली. पण नंतर ढिगाऱ्यातून, जमिनीखालच्या पाण्यातून कागद काढत बसले, जवळपास 95 टक्के बाहेर काढले, आणि जोडायचं काम अजून चालू आहे. (इथल्याच वायमारच्या लायब्ररीत 2004 च्या आगीत 50 हजार पुस्तकं कायमची गेली, ती काही आठवड्यांनी नव्या जागेत हलवायचीच होती, हे मी ग्रुपवर टाकलं नाही.)

राग याचा की हे बडोद्याला सांगावं लागतं. सयाजीरावांनी 1910 ला अमेरिकेतून बॉर्डन साहेब या ग्रंथपालांना आणून लायब्ररी खातं उभं केलं, पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरवल्या. सेंट्रल लायब्ररीतल्या त्या काचेच्या जमिनीवरून चालताना लहानपणी माझे पाय लटपटायचे. आणि आमची कमिटी चार दिवस काय बघत होती?

स्कॅनला माझी ना नाही. पण स्कॅन पुराच्या आधी करायचं असतं राव. पस्तीत गेलेल्यांमध्ये एक जाडं चरित्र होतं, त्याच्या समासात कोणीतरी पेन्सिलने "साफ खोटं" लिहिलेलं आणि खाली दुसऱ्याच्या अक्षरात "तुम्ही होतात का तिथे?" दांडिया बाजारातली दोन भांडकुदळ माणसं, एकमेकांना बहुतेक कधी भेटली पण नसतील. त्याची पीडीएफ कुठून आणणार?

मग वहिनीने विचारलं, "तुमची लेक वाचते का मराठी?" नाही वाचत. समजतं, आजीशी बोलते, पण वाचत नाही. आणि मी बडोद्याला आलो की लग्नं, बँक, दातांचा डॉक्टर यातच सुट्टी संपते, वाचनालयाच्या दारावरून रिक्षाने जातो. म्हणजे मला ती पुस्तकं वाचायची नाहीयेत, ती तिथे असायला हवीत. मी इथे भाड्याच्या घरात दोन कपाटं ठेवून राहणार आणि माझं लहानपण बडोद्याच्या लोकांनी सांभाळायचं, वर्गणी भरून, झाडलोट करून. वहिनी असं काही म्हणाली नाही, पण मला ते ऐकू आलं.

तरी म्हटलं, लोखंडी रॅकचे पैसे मी देतो, सगळं वरच्या मजल्यावर न्या. दादा म्हणाला, "जिना कोण चढणार? सभासद सगळे सत्तरीच्या पुढचे." यावर पाच मिनिटं मी काहीच लिहिलं नाही. मग त्यालाच सांगितलं, लिफ्टचं कोटेशन काढ. त्याने अजून काढलेलं नाही.