फाटकं बनियन, 16 तास आणि बाकीच्या थापा

गेल्या आठवड्यापासून आमच्या भावकीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर आणि काल तर द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर पण एकच मेसेज फिरतोय, "अधिकारी व्हायचंय? मग हे वाचाच." त्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो. पुण्याला गेल्याशिवाय पोस्ट निघत नाही, रोज 16 तास अभ्यास पाहिजे, तुक्का मारणारा बाद होतो, मराठी मिडीयमवाल्यानं युपीएससीचा नाद सोडावा, प्लॅन बी ठेवणारा कधीच यशस्वी होत नाही, आणि शेवटी काय तर बापाचं फाटकं बनियन डोळ्यासमोर ठेवा.

मी काय टॉपर नाही. तासगाव तालुक्यातला पोरगा, एमपीएससीच्या राज्यसेवेचे 4 अटेम्प्ट दिले, एकदा मेन्सला म्हणजे मुख्य परीक्षेला पोचलो, आता क्लार्क आहे आणि बरं चाललंय. लिहायचं कारण एवढंच की हा मेसेज वाचून माझ्या चुलतभावानं पुण्याला जायची बॅग भरलीय, बीएससीचा निकाल लागून अजून महिना नाही झाला.

आधी ते 16 तासाचं बघू, कारण या एका आकड्यानं जेवढी पोरं खचलीत तेवढी पेपरनं पण नसतील. मी सांगलीत अभ्यासिकेला होतो. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक चार्जिंग पॉइंट, खुर्चीवर घरनं आणलेली उशी, दाराबाहेर चपलांचा ढीग. सकाळी 6 ला बॅग टाकून जागा धरायची आणि रात्री 10 ला उठायचं, म्हणजे झाले की नाही 16 तास? मला पण तसंच वाटायचं. एक दिवस गंमत म्हणून मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं, पुस्तकात डोकं असेल तेवढाच वेळ चालू, उठलो की बंद. चहाची टपरी 5 वेळा, जेवण, जेवणानंतरची डुलकी, शेजारच्या कप्प्यातल्या मित्राबरोबर "कटऑफ किती लागेल" यावर पाऊण तास, त्यात कोण कुठल्या कॅटेगरीतनं किती जागा हे पण आलं. रात्री बघितलं तर 5 तास 40 मिनिटं. खोटं नाही सांगत, त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं होतं की आज लई अभ्यास झाला. नंतर मी 7 तास खरे करायचे ठरवले आणि संध्याकाळी 7 लाच उठायला लागलो तर बाकीची पोरं माझ्याकडं असं बघायची की हा गेला कामातनं. मेन्सला पोचलो तो त्याच वर्षी.

पुण्याचं. सदाशिव पेठेत, नवी पेठेत जाऊन राहिलं की हवेतनं काहीतरी मिळतं असं लोकांना वाटतं. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेचं सेंटर सांगलीत पण असतं, साताऱ्यात पण असतं, पुस्तकं तीच, आयोगाच्या साईटवरचे जुने पेपर तर फुकट. सरकारी प्रशिक्षण केंद्र कोल्हापुरात आहे, बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या योजना आहेत, ते आधी बघा तरी. आता पुण्याचा उपयोग शून्य आहे असं मी म्हणणार नाही, आणि इथं त्या मेसेजवाल्याला खरं कारण माहितीच नाही असं वाटतं. 2025 पासून राज्यसेवेची मेन्स वर्णनात्मक झालीय, निबंध 250, जीएसचे म्हणजे सामान्य अध्ययनाचे 4 पेपर 250 चे, ऑप्शनलचे म्हणजे आपण निवडलेल्या विषयाचे 2 पेपर 250 चे, असे 1750 मार्क आणि वर मुलाखत 275, शिवाय मराठी आणि इंग्रजीचे पेपर नुसते पास व्हायला. आमच्या वेळी गोल रंगवायचे होते, आता पानंच्या पानं लिहायचीत. म्हणजे तुमचं लिहिलेलं कुणीतरी तपासून "हे चुकलंय" म्हणणारा माणूस लागतो, आणि असा माणूस पुण्यात पटकन भेटतो हे कबूल. पण त्यासाठी प्रिलिम म्हणजे पूर्व झाल्यावर 3-4 महिने जावा की! पहिल्या दिवसापासून कॉट बेसिसवर राहून, काकीनं पहाटे उठून केलेला डबा एसटीनं मागवून, पंचायत राज पाठ करायला पुणे कशाला लागतंय?

मराठी मिडीयमचं लवकर संपवतो. युपीएससीची मेन्स आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत लिहिता येते, मुलाखत पण मराठीत देता येते. 1990 च्या बॅचचे भूषण गगराणी मराठीतनंच लिहून आयएएस झाले. फक्त प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत येते, त्यामुळं इंग्रजी वाचून कळायला पाहिजे, आणि इंग्रजीचा एक पेपर नुसता पास व्हायला लिहावा लागतो. बोलायला नाही आलं तरी चालतंय.

आता तुक्का. हा मुद्दा वाचून मला हसू आलं कारण मी स्वतः 2 वर्ष हाच सल्ला पाळून मार खाल्लाय. राज्यसेवेच्या पूर्वच्या जीएस पेपरमध्ये एका प्रश्नाला 2 मार्क आणि चुकला तर पाव वजा, म्हणजे अर्धा मार्क. समजा 20 प्रश्नांत तुम्ही 4 पैकी 2 पर्याय खात्रीनं उडवले आणि उरलेल्या दोनांत अडकला. सगळे सोडले तर शून्य. सगळे मारले आणि निम्मेच बरोबर आले तर 20 मिळाले, 5 गेले, हातात 15. युपीएससीत एक तृतीयांश वजा असतात तरी 13 च्या वर उरतात. आमच्यात अर्ध्या मार्कावर पोरं घरी बसतात आणि हे म्हणतायत सोडून द्या! डोळे झाकून मारायचं कुणी सांगत नाही, पण पर्याय उडवणं हाच निम्मा अभ्यास आहे राव.

आणि प्लॅन बी. इथं मला खरंच राग येतो. 2024 च्या युपीएससीला 5,83,213 जण प्रिलिमला प्रत्यक्ष बसले, शेवटी शिफारस झाली 1009 जणांची. म्हणजे पावणेसहाशेत एक. त्या बाकीच्यांनी काय मेहनत केली नव्हती का? आणि मेहनत तुमच्या हातात, तारीख कुणाच्या हातात? 2020 ची राज्यसेवा पूर्व 5 एप्रिलला होती, ती कोरोना आणि बाकी कारणांनी ढकलत ढकलत 21 मार्च 2021 ला झाली. आमच्या बागेची एप्रिलची खरड छाटणी झाली, ऑक्टोबरची फळछाटणी झाली, द्राक्षं तयार झाली, गाडीत भरून गेली पण, आणि मी अजून तोच इतिहास चौथ्यांदा वाचत बसलेलो. त्या वर्षात मी टायपिंगच्या परीक्षा दिल्या, मिनिटाला मराठी 30 शब्द, इंग्रजी 40. मित्र म्हणाले फोकस हलला तुझा. लिपिकाच्या भरतीत तेच सर्टिफिकेट कामाला आलं. भावाला पण मी हेच सांगितलं की आधी वहीवर लिही, किती अटेम्प्ट आणि कुठल्या वयाला थांबणार, मग बॅग भर. तो म्हणाला दादा तू निगेटिव्ह बोलतोस. बरं.

राहिलं बनियन. हा मेसेज मी जेवताना अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचून दाखवला, म्हटलं बघा तुमच्यावर लिहिलंय. ते म्हणाले, "औषध मारायला नवं बनियन घालतंय काय कोण? डाग जात न्हाईत. नवी तीन कपाटात हाईत." भाकरीचा तुकडा मोडला आणि भावाकडं बघून विचारलं, "परीक्षा कधी हाय ते सांग आधी, छाटणीला माणूस लागतंय."