‘कुठलंही कुलूप तुटतंच’, म्हणून केबल पुरते का?

सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरत असतो: “चोराने मनात आणलं तर कुठलंही कुलूप तुटतं. मग महागड्या कुलपावर पैसे कशाला? मुंबईच्या पावसात तेही गंजणारच. तीनशे रुपयांचं केबलचं कुलूप घ्या, पुढच्या चाकातून खांबाला अडकवा, गर्दीत किंवा कॅमेऱ्यासमोर लावा आणि निवांत कामाला जा.” यातलं पहिलं वाक्य खरं आहे. त्याच्या जिवावर पुढचं सगळं खपवलं जातं.

तुटतं सगळंच, पण कशाने आणि किती वेळात? केबलवरचं प्लास्टिक सोलून बघा, आत बारीक तारांचा पीळ निघतो, बाहेरून दिसतो त्यापेक्षा बराच बारीक. वायर रोप कापायचा छोटा कटर पिशवीत मावतो, आवाज करत नाही आणि काही सेकंदांत काम उरकतो. यू-लॉकचा, म्हणजे इंग्रजी U आकाराच्या कुलपाचा, कडक पोलादी दांडा १३ मिमीचा असला तर मध्यम बोल्ट कटर तिथे हात टेकतो. १६ मिमीला हाताने चालवायचे कटर सहसा पुरत नाहीत, धातू कापायचा बॅटरीवरचा ग्राइंडर लागतो. तोही फार वेळ घेत नाही हे कबूल, पण ठिणग्या उडवत, कानठळ्या बसवत. यू-लॉक दोन्ही टोकांना अडकणारं असेल तर एका कापात दांडा फिरवून निघत नाही, दुसरा काप द्यावा लागतो. खरेदी करताना दुकानदाराला हेच विचारा: दोन्ही टोकं लॉक होतात का?

ब्रिटनमधली सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलपांवर खरी हत्यारं चालवून त्यांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशा श्रेणी देते. खोक्यावर कंपनीने स्वतःच छापलेले ‘दहापैकी आठ’ वगैरे आकडे म्हणजे असा दाखला नव्हे. स्वस्त नंबरी कुलूप ताणून धरून चकत्या फिरवल्या की योग्य आकडा बोटांना कळतो, चावी लागतच नाही. गोल नळीसारख्या चावीचं जुनं कुलूपही टाळा. अमेरिकेत २००४ साली तसली यू-लॉकं बॉलपेनच्या नळीने उघडून दाखवली गेली होती.

“पुढच्या चाकातून अडकवा.” हा यातला सगळ्यात घातक भाग. क्विक रिलीजचं, म्हणजे हाताने खटका ओढून सुटणारं, चाक पान्याशिवाय निघतं. चोर चाक खांबाला सोडतो आणि उरलेली सायकल घेऊन जातो. यू-लॉक मागच्या चाकातून, सीटखालच्या नळीभोवतून आणि खांबाभोवतून घ्या. यू जितका छोटा तितका चांगला, आत मोकळी जागा राहिली तर तिथे पहार किंवा जॅक घालून कुलूप फाकवता येतं. केबल आधीच घेतली असेल तर टाकू नका. पुढचं चाक यू-लॉकला बांधायला ती ठीक आहे. आपल्या साध्या सायकलींना मागे असतं ते रिंग लॉक चाक फिरू देत नाही, एवढंच. सायकल उचलून टेम्पोत टाकायला त्याची काहीच आडकाठी नाही.

खांबाबद्दल या सल्ल्यात अवाक्षर नाही, आणि गोची तिथेच होते. ‘नो पार्किंग’चा ठेंगणा खांब असेल तर सायकल वरून काढून घेता येते. फुटपाथच्या रेलिंगचा बोल्ट सैल असतो. पीव्हीसीचा पाइप किंवा परांचीचा बांबू साध्या करवतीला शरण जातो. कुलूप लावण्याआधी खांब दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघा.

पाववाल्याची, सिलिंडरवाल्याची किंवा पुढे मोठी पेटी असलेली मालवाहू सायकल “जड आहे, कोण नेतंय” म्हणून तशीच सोडतात. दोन माणसं आणि एक टेम्पो असला की वजनाचा प्रश्न मिटतो. जाड फ्रेम आणि पेटीमुळे छोटा यू तिथे खांबापर्यंत पोचत नाही, म्हणून कडक पोलादाची, १० ते १२ मिमी कडीची, सव्वा मीटरच्या आसपास लांब साखळी घ्या. वजन तीन-चार किलो भरेल, पण ती गाडीवरच राहते. साखळी फ्रेमच्या बंद भागातून घ्या, कॅरिअरमधून नको. कॅरिअर चार बोल्टवर असतो. आणि ती जमिनीवर लोळू देऊ नका. कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार देता आला की ताकद कितीतरी वाढते. बॅटरीवर चालणारी असेल तर बॅटरी काढून सोबत न्या.

“गर्दीत, कॅमेऱ्यासमोर.” दादर स्टेशनबाहेर कुलपाशी खटपट करणारा माणूस बघणाऱ्याला मालकच वाटतो, चावी हरवली असेल बिचाऱ्याची. कॅमेऱ्यात दिसते टोपी आणि मास्क, पावसाळ्यात रेनकोट. तरीही उजेडाची, वर्दळीची जागा बरीच, कारण ग्राइंडर तिथे लपत नाही. पण केबलच्या कटरला लपायची गरजच नसते. फ्रेम नंबर मात्र आजच टिपा. तो बहुधा पेडलची क्रँक बसते त्या नळीच्या खाली कोरलेला असतो. त्याचा फोटो आणि बिल असेल तर एफआयआरमध्ये ‘काळी सायकल’ याच्या पुढे काही लिहिता येतं. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम आता ३०३ आहे.

राहिला पाऊस. गंज खरा, पण तो केबलच्या कुलपालाही सोडत नाही. चावीचं भोक खाली तोंड करून ठेवा, झाकण बंद करा, पावसाळ्यात पंधरवड्याला ग्राफाइट पावडर किंवा कुलपांसाठीचं कोरडं वंगण घाला. खोबरेल नको, ते चिकटून धूळ धरतं. चावी अडली तर जोर लावू नका, आत तुटेल. आधी गंज सैल करणारा स्प्रे मारा आणि पाच-दहा मिनिटं थांबा.