पणजीत एक दिवस, कामाशिवाय

परवा पणजीत एकाच दिवसात मला तिघांनी विचारलं, "कोणाची वाट बघताय का?" चर्चच्या पायऱ्यांवर एका गृहस्थांनी, मांडवीच्या काठी बाकावर बसले होते तिथे एका पोलीस ताईने, आणि पलीकडे बेतीच्या धक्क्यावर मासे घेऊन बसलेल्या एका आजीने. आजीचा सूर तेवढा वेगळा होता. "एकलीच गो बाय?" म्हणाली आणि माशांची टोपली सरकवून मला सावलीत जागा करून दिली.

मी कोणाचीच वाट बघत नव्हते. पतसंस्थेतून रजा घेतली होती, संध्याकाळी येते असं घरी सांगितलं होतं आणि सकाळची बस धरून डिचोलीहून आले होते. काम काहीच नव्हतं.

आपण डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची माणसं पणजीला जातो ती कामासाठी. दाखला, कोर्टाची तारीख, कोणाचं पेन्शन अडकलेलं. फाईल काखेत धरून जेवणाच्या सुट्टीआधी खिडकी गाठायची आणि परतीची बस पकडायची. चाळिशी ओलांडेपर्यंत मी पणजीला शेकडो वेळा गेले असेन, पण एकदाही नुसतं चालायला म्हणून गेले नव्हते. राजधानी आपली, आणि आपल्यालाच ती खिडक्यांपुरती ठाऊक. हे मला आता मनापासून चुकीचं वाटतं, म्हणून लिहितेय.

कदंब स्टँडवर उतरले, पाटो पूल चालत ओलांडला आणि आधी पोटाचं बघितलं. अळसांद्याची, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची, पातळ भाजी, गरम पाव, शेवटी एक बन आणि चहा. समोरच्या बाकड्यावर बसलेले काका पावाचा कडक काठ वेगळा काढून ठेवत होते आणि भाजी संपल्यावर त्याच काठाने वाटी पुसून घेत होते. इतक्या सावकाश की मीही माझा दुसरा पाव तसाच खाल्ला. एरवी मी उभ्याने खाऊन निघते.

फोंताइन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत फार थांबले नाही. रंगीत भिंतींपुढे फोटोसाठी एवढी गर्दी, की तिथे राहणाऱ्यांना स्वतःच्या दारातून बाहेर पडायला वाट मागावी लागते. ती घरं आहेत, लोक त्यात झोपतात, आजारी पडतात. फोन पर्समध्ये ठेवला आणि सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलमध्ये दहा मिनिटं बसले. तिथला क्रूसावरचा ख्रिस्त पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, वाड्यात होता. डोळे उघडे, मान ताठ. त्याच्यापुढे कोणाकोणाला उभं केलं असेल, हा विचार मनातून जाईना.

तिथून चढ चढून चर्चच्या पायऱ्यांवर. १५४१ मध्ये इथे लहान चॅपेल होतं, मोठं चर्च १६१९ चं. वरची घंटा जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातली, १८७१ मध्ये इथे आणून चढवलेली. त्या मठाच्या मनोऱ्याचा एक पडका भाग तेवढा तिकडे उभा आहे.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो आबे फारियाच्या पुतळ्यापाशी. आदिलशहाच्या वाड्याच्या शेजारचा हा पुतळा बसच्या खिडकीतून मी लहानपणापासून बघतेय. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा पाद्री पॅरिसमध्ये जाऊन सांगत होता, की संमोहनात जादूही नाही आणि चुंबकही नाही. जे घडतं ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडतं. पुतळा घडवला मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी, १९४५ मध्ये बसवला. खिडकीतून मला कायम फारियाचे पसरलेले हातच दिसायचे. त्या हातांखालच्या बाईकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. यावेळी तिच्या बाजूने उभी राहिले. शिल्पातलं सगळं वजन तिच्या अंगात आहे, तो वर नुसता वाकलाय. पाऊण तास तिथे होते. कोणी बरोबर असतं तर पाच मिनिटांत "चल आता" झालं असतं. एकटीने फिरायचं ते यासाठी.

बाकाचं मात्र बोलायलाच हवं. नदीकाठी बाक आहेत, पण दुपारी दीडला त्यातल्या किती सावलीत असतात ते जाऊन बघा. गेल्या वर्षी खोदून ठेवलेल्या फूटपाथवर सुटी फरशी उलटून माझा पाय मुरगळला, तीन आठवडे पट्टा होता. आणि बायकांच्या स्वच्छतागृहाचं काय? परवाही मला शेवटी एका हॉटेलात नको असलेला चहा मागवून तिथली सोय वापरावी लागली. एकटी बाई शहरात दिवसभर फिरू शकते की नाही, ते धाडसावर कमी आणि या तीन गोष्टींवर जास्त ठरतं: सावली, सपाट फूटपाथ, संडास. रंगरंगोटी आणि दिव्यांच्या माळा नंतर करा.

मग बेतीला जाणारी फेरीबोट. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. साखळ्या खडखडत फळी वर ओढली गेली, इंजिनाची थरथर पायांतून वर चढली आणि पणजी मागे सरकायला लागली: वाडा, कसिनोच्या बोटी, वर मांडवीवरच्या अटल सेतूच्या केबली. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा तेव्हाचा पूल कोसळला तेव्हा मी सात वर्षांची होते. त्यानंतर बाबा किती दिवस याच फेरीने नोकरीला गेले. रात्री उशिरा यायचे, शर्टाला डिझेलचा वास असायचा. तोच वास परवा आला आणि मी कठडा घट्ट धरला.

परतताना पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत तासभर बसले. १८३२ मध्ये सुरू झालेलं ग्रंथालय, मराठीची कपाटंच्या कपाटं, आणि तिथे कोणी विचारत नाही की तुम्ही का आलात.

घरी आले तर आईने तोच प्रश्न विचारला, "काम झालं?" आईचं वय अडुसष्ट. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात आणि कोर्टात जाताना तिने पणजी बघितली ती तेवढीच. फेरीत ती कधी बसलीच नव्हती. बाबा जायचे, ती दारात वाट बघायची.

त्यानंतरच्या रविवारी तिला घेऊन गेले. धक्क्यावर पोचलो तर म्हणाली, "तू थांब इथे. मी एकटी जाऊन येते." मी थांबले. फळी वर गेली, फेरी वळली. आई कठड्याला टेकून उभी होती, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, तोंड बेतीकडे. पलीकडे पोचेपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पहिल्या फेरीने परत आली नाही. दुसरीनेही नाही. तिसरीतून उतरली, आणि तिच्या हातात ओल्या कागदात गुंडाळलेला लेपे माशांचा वाटा होता.