खावटी आषाढाच्या आधी द्या

खावटी म्हणजे पावसाळ्यातल्या उपासमारीत आदिवासी कुटुंबांना सरकारनं द्यायची पोटापुरती मदत. ती वेळेवर का हवी, ते सांगतो. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर भूक अचानक येत नाही. तिचे महिने ठरलेले आहेत. पेरणीचं बी बाजूला काढलं की कणगीत तळाची नागली उरते, आणि नवी नागली-वरई दसरा-दिवाळीशिवाय हाती लागत नाही. आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, थोडे दिवस मजुरी मिळते. ती संपली की श्रावण-भादव्यात ना काम, ना दाणा. रोजगार हमीची बहुतेक कामंही पावसात बंद.

मग बायका रान धुंडाळतात. लोत, कोळीची भाजी, करांदे. कडुकंदाच्या तर पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या आणि टोपलीत भरून रात्रभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. नाहीतर घसा धरतो, उलट्या होतात. रानभाज्यांचं कौतुक मलाही आहे, पण वाढत्या लेकराचं नुसत्या पाल्यावर भागत नाही. १९९२-९३ मध्ये याच जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीत, कुपोषणानं शंभरावर मुलं गेली.

याच दिवसांत वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर येतो आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, हातावर ठेवतो. कागद नाही, आधार नाही, अंगठ्याचं मशीन नाही. दिवाळी झाली की अख्खं बिऱ्हाड भिवंडी-वसईकडे भट्टीवर. पोरांची शाळा सुटते. हिशेब मालकाच्या वहीत राहतो, आणि पावसाच्या तोंडावर परतताना कित्येकांची उचल फिटलेली नसते. असं कर्जात बांधून राबवण्यावर बंदी घालणारा वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ चा आहे. एका कातकरी मावशींना मी विचारलं, "एवढं माहीत असून उचल का घेता?" त्या म्हणाल्या, "पोरं भुकेली होती तेव्हा तोच आला."

सरकारला हे ठाऊक नाही असं कोण म्हणेल? खावटी कर्ज योजना १९७८ पासूनची, खास पावसाळ्यासाठीच आखलेली. पुढे ती बंद पडली. कोरोनात खावटी अनुदान जाहीर झालं, कुटुंबाला ४००० रुपये: निम्मे खात्यात, निम्म्याची डाळ, कडधान्यं, तेल. शासन निर्णय निघाला सप्टेंबर २०२० मध्ये आणि वाटप लांबलं पुढच्या वर्षापर्यंत. ज्या पावसाळ्यात चूल थंड होती तो तर कधीच सरला होता. ती रक्कम थोडी होती असं मी म्हणणार नाही. वेळेवर आली असती तर कित्येक घरांना मुकादमापुढे हात पसरावा लागला नसता.

रेशनचं महत्त्व मी नाकारत नाही. सगळ्यांत गरीब घरांना मिळणारं अंत्योदयचं महिना ३५ किलो धान्य नसतं तर हाल कुत्र्यानं खाल्ले नसते. पण त्यात डाळ-तेल नाही, रेंज नसली की अंगठा लागत नाही, आणि कित्येक कातकरी घरांकडे कार्डच नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. खावटी दरवर्षीची करा, निर्णय मार्चमध्ये घ्या आणि ओढे भरायच्या आत माल पाड्यावर पोचवा. नवसंजीवनी योजनेत पावसाळ्याआधी दुर्गम गावांत धान्यसाठा करायची तरतूद आहेच, त्यातच तूरडाळ आणि तेल घाला. कार्ड नसलेल्यांना ग्रामसभेच्या यादीवर द्या. आणि दिवाळीत फराळ, ब्लँकेटं घेऊन येणाऱ्या मंडळांना हात जोडून विनंती: तोच पैसा जूनमध्ये शेंगदाणे, गूळ आणि डाळीवर खर्च करा, आणि आवणी संपायच्या आत या.