टॅब माझा, मुक्काम त्यांचा

पैसे मोजून टॅब आपण घ्यायचा आणि आत बिऱ्हाड थाटायचं कंपनीच्या पाहुण्यांनी! लुडो, कुठलंसं शॉपिंग ॲप, तिसराच ब्राउझर. सेटिंग्जमध्ये जावं तर 'अनइन्स्टॉल' गायब. आहे ते 'डिसेबल', तेही राखाडी. बसा दाबत! म्हणे ही ॲप्स सिस्टिम पार्टिशनमध्ये, टॅबच्या मूळ प्रणालीसाठी राखून ठेवलेल्या कप्प्यात असतात. म्हणजे डिसेबल झाली तरी मूळ ॲपची जागा काही सुटत नाही, आणि मुळात आहेत ३२ जीबी. फॅक्टरी रीसेट मारला तर आपले फोटो जातात, हे महाशय जागच्या जागी. वर सल्ला काय, तर लॅपटॉपला जोडा आणि एडीबीची, म्हणजे लॅपटॉपवरून अँड्रॉइडला हुकूम सोडायच्या साधनाची, कमांड द्या. अहो, आईला भजनं ऐकायला घेतलाय टॅब, तिनं आता कमांडी द्यायच्या? त्यात परवा अपडेटसोबत आणखी एक गेम आला. आल्या आल्या रेटिंग मागतोय, मेला!