‘सरवा’मधला तो परिच्छेद

दुपारी अडीचला फोन आला. वर्ग चालू होता, तरी व्हरांड्यात येऊन घेतला, कारण तीन महिने याच फोनची वाट बघत होते. माझ्या कथासंग्रहाचा फोन. पहिलाच संग्रह, नऊ कथा. संपादक साहेब चांगलंच बोलले. ‘सरवा’ ही कथा दोनदा वाचली म्हणाले. आणि मग म्हणाले, "मॅडम, फक्त ते बायबलचं तेवढं काढा. नात आजीला वाचून दाखवते तो भाग. त्याच्याशिवायही कथा उभी राहते. उगाच वाचकाला प्रचार वाटायचा."

मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं. आता रात्रीचे साडेदहा झालेत, पोरं झोपलीत, आणि हे लिहिल्याशिवाय मला झोप यायची नाही.

आधी तो भाग काय आहे ते सांगते. तो मी रचलेला नाही.

माझी आजी, वडिलांची आई, अंबड तालुक्यातली. अक्षरओळख नाही. सुगी संपली की ती दुसऱ्याच्या रानात सरवा वेचायला जायची. शहरातल्या मित्रांसाठी सांगते, ज्वारीची कणसं खुडून नेली की ढेकळांत, धसकटांत एखाददुसरं कणीस राहून जातं. ते वेचायचं, ओच्यात टाकायचं, घरी आणून काठीनं बडवायचं, सुपात पाखडायचं. दिवसभर उन्हात वाकून कधी दोन शेर निघायचे, कधी मापटंही भरायचं नाही. तो सरवा. धसकटांनी तिच्या पोटऱ्या कायम ओरखडलेल्या असायच्या.

मी चौथीत होते. घरात लाईट नव्हती. रोज रात्री जेवायच्या आधी चिमणीच्या उजेडात मी तिला एक अध्याय वाचून दाखवायचे, हा आमच्या ख्रिस्ती घरचा नेमच होता. त्या रात्री रूथचा दुसरा अध्याय होता. रूथ परक्या मुलखातली, मवाबी. नवरा मेलेला. सासूचा हात धरून बेथलेहेमला आलेली. पोटाला काही नाही म्हणून ती सातूच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागं सरवा वेचायला जाते. मला भूक लागलेली, मी भराभर वाचत होते. आजी लसूण सोलत होती. तिचा हात थांबला.

"काय म्हणली? परत वाच."

मी परत वाचलं.

"सरवा म्हणलंय त्याच्यात?"

"हो."

"पुस्तकात?"

"हो, आजी."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजी देवाला ठावं हाय."

एवढंच. हे काढा म्हणे.

आता मला सांगा, यात कुणाचा प्रचार आहे? एक बाई जन्मभर दुसऱ्याच्या रानात वाकली, आणि एका रात्री तिला कळलं की आपण जे लाजत लाजत करतो त्याला पवित्र शास्त्रात नाव आहे, तेही तिच्याच तोंडचं. ही त्या कथेतली एकमेव घटना आहे. ती काढली तर मागं काय राहतं? दुष्काळ, गरिबी, एक म्हातारी. मराठवाड्याकडून हेच मागवतात सगळे. आमचा दुष्काळ चालतो, आमची प्रार्थना चालत नाही.

कथेत म्हातारा वारीला निघाला, माळ धरून बसला, तर त्याला कुणी प्रचार म्हणतं का? म्हणूही नये. ती मातीच आपली आहे. ज्ञानोबांचं आपेगाव, नाथांचं पैठण, नामदेवांचं नरसी, जनाबाईचं गंगाखेड, गोरोबांचं तेर, सगळं इथंच. माझी हीच आजी जात्यावर जनीच्या ओव्या म्हणायची आणि रविवारी ‘उपासना संगीत’ या आमच्या भजनांच्या पुस्तकातली गीतं, आणि तिच्या गळ्यात दोन्हींची चाल एकमेकींत मिसळलेली असायची. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आमच्या घरात तो पूल रोज वापरात होता. मग कथेत एका बाजूची माणसं दिसली तर संस्कृती आणि दुसऱ्या बाजूची दिसली तर प्रचार, हे कुठलं माप?

दोन वर्षांपूर्वी एका काव्यवाचनात कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "तुमची मराठी फारच छान आहे हो." आडनाव ऐकल्यावर म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, मान्य. पण मी घरी येईपर्यंत एसटीत रडत होते. माझी मराठी छान नसायला काय झालं? फादर स्टीफन्स इंग्लंडातून गोव्याला आले, मराठी शिकले आणि ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण लिहिलं, ते छापलं गेलं 1616 साली. रत्नांमध्ये हिरा तशी भाषांमध्ये मराठी, असं त्यांनी त्यात लिहून ठेवलंय. ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं 1842 साली, नगरला. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ज्या यमुनापर्यटनचं नाव घेतात, ते 1857चं, बाबा पदमनजींचं, आणि त्यात विधवांचे हाल आहेत. पंडिता रमाबाईंनी केडगावला आश्रम चालवता चालवता मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायांना कळावं म्हणून साध्या मराठीत. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रं तर तुम्ही सगळ्यांनी वाचलीयेत, त्यातले धडे शाळेत वाचून हसलाय, डोळे पुसलेत. आणि लांब कशाला जायचं? आमच्या जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल गाव वसवलं. आम्ही ख्रिस्ती माणसं मराठीत काल आलेले पाहुणे नाही.

जरा पाणी पिऊन आले.

एक गोष्ट कबूल करते, करावीच लागेल. कथेच्या नावाखाली पत्रक लिहिणारे आमच्यात आहेत. दारुडा नवरा, रडणारी बायको, तिसऱ्या पानावर पाळकसाहेब, चौथ्या पानावर सगळं चांगलं. अशा गोष्टी मीही लहानपणी ढिगानं वाचल्यात. संपादक साहेबांनी तसलं काही वाचून धसका घेतला असेल तर त्यांचा फार दोष नाही.

कारण दुसरा मार खाल्लाय तो घरातूनच. मागच्या रविवारी चर्चमधल्या भक्तीनंतर आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी थांबवलं. ‘सरवा’ त्यांनीही वाचलीय, मीच मोठ्या आशेनं दिली होती. म्हणाले, "बाई, लिहिलंय चांगलं, पण साक्ष कुठाय? म्हातारीचा मुलगा दारू पितो तो शेवटपर्यंत तसाच राहतो. त्याचं तारण दाखव. वाचकाला आशा मिळाली पाहिजे."

साक्ष म्हणजे देवानं आयुष्य कसं पालटलं ते सांगणं. म्हणजे एकाला देव जास्त झाला, दुसऱ्याला कमी पडला.

त्यांना मी तेव्हा काही बोलले नाही, वयाचा मान असतो. इथं बोलते. काका, उधळ्या पुत्राचा दृष्टांत उघडून बघा, लूक, पंधरावा अध्याय. धाकटा परत आला, वासरू कापलं, गाणंबजावणं सुरू झालं. थोरला रुसून दाराबाहेर उभा. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. आणि गोष्ट तिथंच थांबते. थोरला आत गेला की नाही, ते प्रभूंनी सांगितलंच नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र घ्या. शेवटचा शब्द अंधार आहे. पुढं दिलाशाचं एक कडवंसुद्धा नाही. ज्यांनी शास्त्र एकत्र बांधलं त्यांनी ते स्तोत्र तसंच ठेवलं, आणि मी माझ्या कथेतल्या मुलाला शेवटच्या पानावर जबरदस्तीनं बाप्तिस्मा देऊ? माझा चुलता दारूतच गेला. आजी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची, तो गेला त्या दिवशी सकाळीही केली होती. त्यानंतरही केली. कुणासाठी करते विचारलं तर म्हणायची, "सवय हाय माय, त्याचं नाव आल्याबिगर आमेन म्हणवत न्हाई." हे मला जमलं तसं मी लिहिलंय. माझ्या लेखी साक्ष म्हणजे हेच.

मी पहाटे साडेचारला उठून लिहिते. लिहायच्या आधी दोन मिनिटं डोळे मिटते आणि एकच मागते, की आज खोटं लिहायला लावू नकोस. नवीन लेखिका आहे, मला शैलीबिली फार कळत नाही. विश्वासावर उभं राहून लिहायचं म्हणजे माझ्यापुरतं एवढंच आहे. दारुडा सुधारला नसेल तर सुधारला लिहायचं नाही, आणि म्हातारीनं जेवायच्या आधी हात जोडले असतील तर ते पुसायचे नाहीत.

2020च्या जानेवारीत धाराशिवला साहित्य संमेलन झालं तेव्हा रजा टाकून गेले होते. तेव्हा त्याला उस्मानाबादच म्हणायचे. फादर दिब्रिटो अध्यक्ष. निवड झाल्यावर किती विरोध झाला, तुम्हाला आठवतंच. एक धर्मगुरू, वसईचा, मराठी साहित्याच्या अध्यक्षपदावर, आणि तेही आमच्या मराठवाड्यात. मी मांडवात पार मागं बसले होते, नीट दिसतही नव्हतं. शेजारी एक शेतकरी होते, टोपी मांडीवर घेऊन ऐकत होते. मला तेव्हा आजी आठवली. "पुस्तकात?" असं विचारतानाचा तिचा चेहरा. फादर 2024 साली गेले. मांडवात मागच्या रांगेतून एक बाई वही भरून घेऊन गेली, हे त्यांना कधी कळलं नाही.

त्या रात्रीचं एक राहिलं, ते कथेतही नाही. पुढं त्याच अध्यायात बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून थोडी कणसं मुद्दाम उपसून टाका, तिला वेचू द्या, तिला रागावू नका. मी ते वाचलं तेव्हा आजी पुन्हा थांबली. "मुद्दाम?" म्हणाली. पुढं बऱ्याच वर्षांनी वडिलांनी दोन एकर कोरडवाहू घेतलं. पहिल्या सुगीला आजीनं बांधाकडच्या दोन ओळी खुडूच दिल्या नाहीत. वडील चिडले. अजून सावकाराचं अर्धं देणं होतं, ते चिडले त्यातही चूक नव्हती. आजी बांधावर बसून राहिली, उठली नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या दोन बाया आल्या, ओचे भरून घेऊन गेल्या. आजी घरी येऊन म्हणाली, "लई वाकावं लागलं न्हाई त्यांना."

हे लिहिताना राग बराच उतरलाय. संपादक साहेब माणूस चांगला आहे, फोनवर माझ्या कथेतल्या एका ओळीचं त्यांनी कौतुक केलं ती ओळ मलाही आवडते. दोनदा वाचलीय त्यांनी. संग्रह त्यांनी नाही काढला तर वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू, तीन महिने देवाला हेच मागत होते.

उद्या मधल्या सुट्टीत फोन करणार आहे. तो परिच्छेद राहणार हे सांगेन, आणि आजी म्हणाली होती तेच म्हणेन. साहेब, परत वाचा.